भरतीचा भार उमेदवाराच्या माथी

बीड जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, लातूर जिल्ह्याच्या सीमेनजीक वसलेले धर्मापुरी हे गाव तेथील चालुक्यकालीन केदारेश्वर मंदिरामुळे इतिहासाच्या आणि शिल्पकलेच्या अभ्यासकांना परिचित आहे. अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला मात्र या परिसरात आणखी एक गोष्ट पाहावयास मिळते. पावसाच्या लहरीवर चालणारी शेती, उत्पन्नाच्या मोजक्या वाटा आणि घराघरांत पोहोचलेले शिक्षण या तिन्ही गोष्टी येथे एकत्र नांदतात. त्यामुळे वर्षभरात येथील माणसांसमोर दोन अगदी भिन्न प्रकारची नोकरभरती येते. एक दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादम करतो, ती ऊसतोडीची. दुसरी सरकारी खात्याच्या जाहिरातीने सुरू होते आणि एखादी खासगी परीक्षासंस्था ती पार पाडते. पहिलीत आईबाप जातात. दुसरीत त्यांची शिकलेली मुले उतरतात.

या दोन्ही भरतींचा हिशेब शेजारी शेजारी मांडला, तर एक विलक्षण गोष्ट ध्यानात येते. ऊसतोडीच्या व्यवहारात मध्यस्थाचा मोबदला साखर कारखाना देतो. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर टनाला २७३ रुपयांवरून ३६६ रुपये करण्यात आला, तेव्हाच मुकादमाचे कमिशनही १९ टक्क्यांवरून २० टक्के झाले. हे कमिशन मजुरीच्या वर कारखान्याने द्यावयाचे असते. शिवाय मजुराला हंगामापूर्वी उचल मिळते. या उचलीने मजूर कसा बांधला जातो, ती फिटेपर्यंत त्याची कशी ससेहोलपट होते, हे मराठवाड्यात कोणाला सांगावयास नको. मुकादमी पद्धतीचे गोडवे गाण्याचे काहीच कारण नाही. तथापि माणसे शोधून आणण्याचा खर्च ज्याला माणसे हवी आहेत त्यानेच सोसावयाचा, एवढे साधे तत्त्व या ओबडधोबड व्यवस्थेनेही पाळले आहे. तलाठ्याच्या किंवा ग्रामसेवकाच्या जागेसाठी अर्ज करणाऱ्या पदवीधराच्या बाबतीत मात्र हे तत्त्व उलटे झाले आहे. तेथे उचल उमेदवारच देतो.

एका जागेमागे दोन लाख

२०२३ सालचे तलाठी भरतीचे उदाहरण घ्यावे. जागा होत्या सुमारे ४,६००. शुल्क खुल्या प्रवर्गासाठी १,००० रुपये आणि राखीव प्रवर्गांसाठी ९०० रुपये. शुल्क भरून अर्ज करणाऱ्यांची संख्या होती १० लाख ४१ हजारांवर. सर्वांनी ९०० रुपयेच भरले असे धरले, तरी ही रक्कम ९३ कोटींच्या घरात जाते. एका जागेमागे हा आकडा सुमारे दोन लाख रुपये येतो. तलाठ्याचे आरंभीचे मूळ वेतन महिना २५,५०० रुपये होते. म्हणजे एक तलाठी निवडण्यासाठी बेकार तरुणांनी मिळून त्या तलाठ्याच्या जवळजवळ आठ महिन्यांच्या मूळ वेतनाइतकी रक्कम आधीच गोळा करून दिली, असा याचा अर्थ होतो.

हाच हिशेब उमेदवाराच्या बाजूने मांडल्यास तो अधिक बोलका होतो. त्याच वर्षी जिल्हा परिषदांच्या १९,४६० जागांची जाहिरात निघाली, आरोग्य खात्याची निघाली, वन खात्याचीही निघाली. बहुतेक ठिकाणी शुल्क हेच होते; आणि जिल्हा परिषदेत तर प्रत्येक संवर्गासाठी ते वेगळे भरावयाचे होते. होतकरू मुलगा एकाच जाहिरातीवर विसंबून राहत नाही. त्याने चार अर्ज केले, तर चार हजार रुपये झाले. २०२३-२४ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीच्या मजुरीचा दर दिवसाला २७३ रुपये होता. चार अर्जांचे शुल्क म्हणजे चौदा-पंधरा दिवसांची मजुरी. याखेरीज अर्ज भरून देणाऱ्या केंद्राचे पैसे, छायाचित्रे, दाखले, परीक्षेच्या गावाचा प्रवास आणि आदल्या रात्रीचा मुक्काम हा खर्च वेगळाच. धर्मापुरीसारख्या गावातून सकाळच्या सत्राला परजिल्ह्यात वेळेवर पोहोचावयाचे, तर आदल्या दिवशीच एस.टी. धरणे भाग पडते. मुलगी असेल तर सोबत वडील किंवा भाऊ आलाच. अशा वेळी एका परीक्षेचा खर्च दुप्पट होतो आणि घरातल्या आणखी एका माणसाची मजुरी बुडते.

शुल्क मुळीच नसेल तर गंभीर नसलेले उमेदवारही अर्ज करतात आणि यंत्रणेवर विनाकारण ताण पडतो, असा युक्तिवाद या शुल्काच्या समर्थनार्थ केला जातो. वरकरणी तो पटण्यासारखा आहे. परंतु त्याच तलाठी परीक्षेचे आकडे त्याला दुजोरा देत नाहीत. शुल्क भरलेल्या १० लाख ४१ हजारांपैकी प्रत्यक्ष परीक्षेला बसले ते सुमारे ८ लाख ६५ हजार. पावणेदोन लाखांहून अधिक उमेदवार पैसे भरूनही आले नाहीत. म्हणजे हजार रुपयांच्या शुल्काने अगंभीर माणसे गाळली गेली नाहीत. गाळले गेले असतील, तर ते ज्यांच्यापाशी हजार रुपये नव्हते ते. गांभीर्य आणि ऐपत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आणि शुल्काची चाळण ऐपतीवर चालते.

करारात नसलेला तिसरा

हा केवळ रकमेचा प्रश्न असता तर ती कमी करून सुटला असता. त्याच्या मुळाशी व्यवहाराची रचना आहे. भरतीच्या परीक्षेत तीन पक्ष असतात: जागा भरणारे खाते, परीक्षा घेणारी संस्था आणि उमेदवार. यांपैकी करारावर सह्या होतात त्या पहिल्या दोघांच्याच. संस्था खात्याला बांधील असते आणि खाते संस्थेला. पैसा मात्र तिसऱ्याच्या खिशातून येतो. आणि त्या तिसऱ्याचे करारात नावही नसते. बाजारात जो पैसे देतो तो मालाबद्दल दोन शब्द बोलू शकतो, दुकान बदलू शकतो, गाऱ्हाणे नेऊ शकतो. येथे पैसे देणाऱ्याला संस्था निवडता येत नाही, केंद्र बदलता येत नाही आणि दाद मागावयाची तर कोणाकडे, हेही उमगत नाही.

कायद्याची भूमिकाही या बाबतीत त्याला साहाय्यभूत ठरत नाही. बिहार विद्यालय परीक्षा मंडळाच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली असा निर्णय दिला की, परीक्षा घेणारे मंडळ 'सेवा' विकत नाही आणि परीक्षार्थी हा 'ग्राहक' नव्हे. त्याने भरलेले शुल्क हा सेवेचा मोबदला नसून परीक्षेला बसू देण्याबद्दलचा आकार आहे. वैधानिक मंडळाच्या शालेय परीक्षेपुरता हा विचार समजण्याजोगा आहे. मंडळ काही नफ्यासाठी दुकान मांडून बसलेले नसते. परंतु जेथे मंडळाच्या जागी कंत्राटाने नेमलेली संस्था आली आहे आणि हे काम ती मोबदला घेऊन करते, तेथेही उमेदवाराला ग्राहकाचे हक्क नसावेत आणि कराराच्या पक्षकाराचेही नसावेत, ही स्थिती न्याय्य म्हणता येणार नाही. दोन्ही दारे बंद असलेल्या ओसरीवर त्याला बसवून ठेवण्यासारखे हे आहे.

या रचनेचे परिणाम गेल्या काही वर्षांत महाराष्ट्राने पुरेपूर अनुभवले. २०१७ साली 'महापरीक्षा' पोर्टल आले आणि उमेदवारांच्या तक्रारी व आंदोलने यांच्यानंतर २०२० मध्ये ते बंद करावे लागले. त्यानंतर आरोग्य खात्याच्या सहा हजारांवर जागांसाठी २५ आणि २६ सप्टेंबर २०२१ रोजी परीक्षा ठरली. प्रवेशपत्रांतील केंद्रांचे घोळ आधीच सुरू झाले होते. परीक्षेच्या आदल्या दिवशी ती पुढे ढकलल्याचे जाहीर झाले. काम दिलेल्या न्यासा कम्युनिकेशन्स या संस्थेने असमर्थता दर्शविली, असे कारण आरोग्यमंत्री राजेश टोपे यांनी दिले. तोपर्यंत हजारो मुले-मुली घराबाहेर पडून परगावी पोहोचली होती. पुढे २४ आणि ३१ ऑक्टोबरला परीक्षा झाली, प्रश्नपत्रिका फुटल्याचे उघडकीस आले, अटका झाल्या आणि अखेर ती परीक्षाच रद्द ठरली. त्याच वर्षी १२ डिसेंबरला होणारी म्हाडाच्या ५६५ जागांची परीक्षा आदल्या रात्री थांबवावी लागली. कारण ज्या संस्थेकडे परीक्षेचे काम सोपविले होते तिच्याच संचालकाला पेपरफुटीच्या संशयावरून पोलिसांनी पकडले होते. शिक्षक पात्रता परीक्षेच्या गैरव्यवहारात परीक्षा परिषदेच्या तत्कालीन आयुक्तांनाही अटक झाली, आणि २०१९-२०च्या परीक्षेतील साडेसात हजारांहून अधिक उमेदवारांवर २०२२ मध्ये कारवाई करण्यात आली.

या घटनांची चर्चा होते ती गुन्ह्याच्या अंगाने. कोणी पेपर फोडला, किती रुपये घेतले, कोणाला पकडले, याचे तपशील आठवडाभर वृत्तपत्रांतून येतात. ज्याने पेपर विकत घेतला नाही, ज्याने रात्रीचा प्रवास करून केंद्र गाठले आणि दारावरची सूचना वाचून जो परत फिरला, त्याचा हिशेब कोणीच मांडीत नाही. नुकसान त्याचे झाले आहे, आणि ते नेमक्या रकमेत मोजता येण्याजोगे आहे. परंतु ते भरून देण्याची जबाबदारी कोणाच्याच शिरावर नसल्यामुळे हिशेबाच्या वहीत त्याला जागा नाही.

वाट पाहण्याची किंमत

पैशापेक्षाही वेळेचे नुकसान मोठे असते. जिल्हा परिषदांच्या सुमारे साडेतेरा हजार जागांची जाहिरात मार्च २०१९ मध्ये निघाली होती. लक्षावधी उमेदवारांनी शुल्क भरले. आज होईल, उद्या होईल असे करीत ती परीक्षा झालीच नाही. भरती २०२२ मध्ये रद्द करण्यात आली आणि शुल्क परत देण्याची प्रक्रिया २०२३ मध्ये सुरू झाली. परत मिळणाऱ्या शुल्काबरोबर वयाची चार वर्षे परत मिळत नाहीत. या चार वर्षांत कोणी वयोमर्यादा ओलांडली, कोणाचे लग्न ठरता ठरता मोडले, कोणी लातूर-पुण्याच्या अभ्यासिकेतले भाडे देण्यासाठी घरची शेळी-म्हैस विकली. नोकरी लागणार या भरवशावर दुसरे काही शिकले नाही, छोटा धंदा उभा केला नाही, हे नुकसान तर कोणत्याच पावतीवर येत नाही. अर्थशास्त्रात त्याला संधीचा खर्च म्हणतात. गावात त्याला पोरगं वाया गेलं असे म्हणतात, आणि दोष पोराला देतात.

वाट पाहण्यालाही किंमत असते ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. १९७२च्या दुष्काळातून जन्मलेल्या रोजगार हमी योजनेला या राज्याने १९७७ साली कायद्याचे रूप दिले आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो कायदा अमलात आणला. काम मागणाऱ्या मजुराला पंधरा दिवसांत काम द्यावयाचे, ते देता आले नाही तर बेकारी भत्ता द्यावयाचा, असे बंधन त्या कायद्याने सरकारवर घातले. भत्त्याची रक्कम अल्प होती, अंमलबजावणीत त्रुटी होत्या, हे मान्य करूनही त्यामागील विचार मोठा होता: सरकारच्या विलंबाची किंमत सरकारने मोजावी, मजुराने नव्हे. ज्या राज्याने खडी फोडणाऱ्या बापाला पंधरा दिवसांची मुदत लिहून दिली, त्याच राज्याने पदवीधर मुलाला चार वर्षे तिष्ठत ठेवावे आणि त्याबद्दल एका पैचेही देणे मानू नये, ही विसंगती विचार करण्यासारखी आहे.

सरकारी मध्यस्थाचाही एक इतिहास आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर सैन्यातून परतणाऱ्यांच्या सोयीसाठी १९४५ मध्ये सेवायोजन कार्यालये निघाली, १९५६ मध्ये त्यांचे दैनंदिन प्रशासन राज्यांकडे आले आणि १९५९च्या कायद्याने रिक्त जागा त्या कार्यालयांना कळविणे बंधनकारक झाले. पुढे २०२०च्या सामाजिक सुरक्षा संहितेत हा कायदा सामावून घेण्यात आला. या कार्यालयांत नाव नोंदविण्यास पैसे पडत नसत. नोंदणीचे कार्ड जुने होत जाई आणि बोलावणे येत नसे, अशी त्यांची सार्थ टिंगल होत असे. कार्यालयाकडून आलेल्या नावांबरोबरच वृत्तपत्रांत जाहिरात देऊनही अर्ज मागवावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली सांगितले. संधीच्या समानतेच्या दृष्टीने ते योग्यच होते. मात्र त्यामुळे अर्जांची संख्या अफाट वाढली, ते हाताळण्याची क्षमता खात्यांकडे उरली नाही, आणि ही पोकळी कंत्राटी संस्थांनी भरून काढली. फुकट पण निष्क्रिय मध्यस्थ जाऊन त्याच्या जागी कार्यक्षम पण महागडा मध्यस्थ आला. महाग मध्यस्थाचा खर्च कोणी द्यावयाचा, हा प्रश्न मात्र कोणी नीट विचारला नाही; आणि न विचारलेल्या प्रश्नाचे ओझे सर्वांत दुबळ्या पक्षावर जाऊन पडते.

दुसरी बाजू

या संस्थांची दुसरी बाजूही पाहणे आवश्यक आहे. जिल्हा पातळीवरील निवड समित्यांच्या काळात वशिला, ओळखपाळख आणि देवाणघेवाण यांविषयी काय बोलले जात असे, हे जुन्या पिढीला ठाऊक आहे. संगणकावर होणाऱ्या परीक्षेने मुलाखतीतील मर्जीला पुष्कळ आळा बसला. आधीच्या अनुभवांनंतर २०२२ मध्ये राज्याने टीसीएस आणि आयबीपीएस या दोन मोठ्या संस्थांकडे भरतीपरीक्षा सोपविण्याचा निर्णय घेतला, तो याच विचाराने. तलाठी परीक्षा १७ ऑगस्ट ते १४ सप्टेंबर २०२३ या काळात ५७ सत्रांत घेण्यात आली. साडेआठ लाखांवर उमेदवारांची परीक्षा एका महिन्यात आटोपणे ही लहान गोष्ट नाही. धर्मापुरीच्या ज्या मुलाचा मंत्रालयात कोणी मामा-काका नाही, त्याला या पद्धतीने आशा दिली, हे नाकारता येणार नाही.

परंतु कार्यक्षम संस्थेच्या हातीही उमेदवाराचे स्थान बदलले नाही. २१ ऑगस्टला सर्व्हर बंद पडल्याने सकाळच्या सत्रातील परीक्षार्थी राज्यभर केंद्रांबाहेर ताटकळले. आपल्या पसंतीचे केंद्र सोडून दूरच्या जिल्ह्यात जावे लागल्याच्या तक्रारी अनेकांनी केल्या. उत्तरतालिकेत चूक आढळली तर ती दाखवून देण्यासाठी प्रत्येक प्रश्नामागे शंभर रुपये भरावयाचे होते. चूक परीक्षा घेणाऱ्याची, आणि ती दाखविण्याचे शुल्क परीक्षा देणाऱ्याकडून, हा न्याय सामान्य व्यवहारात कोणी मानला नसता. जानेवारी २०२४ मध्ये गुणवत्ता यादी लागली तेव्हा दोनशे गुणांच्या परीक्षेत एका उमेदवाराला २१४ गुण पाहून गावोगाव संशयाचे वादळ उठले. वस्तुतः निरनिराळ्या सत्रांतील प्रश्नपत्रिका कमीजास्त कठीण असतात. ते अंतर भरून काढण्यासाठी जे सामान्यीकरणाचे गणित केले जाते, त्यात असे घडू शकते. गणितात लबाडी होती असे म्हणावयास नको. पण ज्याच्या आयुष्याचा निकाल त्या गणिताने लागतो, त्याला ते आधीच सोप्या मराठीत, उदाहरणासह समजावून देणे कोणालाही आपले काम वाटले नाही. विश्वास हादेखील भरतीचा एक घटक आहे, आणि तो न बोलण्याने खर्ची पडतो.

येथे पुन्हा मुकादमाची आठवण होते. मुकादमाने फसविले तर त्याचे घर कोणत्या आळीत आहे हे मजुराला माहीत असते. तो त्याच्या ओट्यावर जाऊन बसू शकतो, चार माणसे जमवू शकतो. परीक्षासंस्थेला ओटा नाही. तिच्यापर्यंत पोहोचण्याची वाट म्हणजे एक दूरध्वनी क्रमांक आणि तक्रारीचा एक साचेबंद नमुना. खात्यात विचारावे तर संस्थेकडे बोट, संस्थेला विचारावे तर खात्याकडे. तालुक्याच्या गावी, जिल्ह्याच्या ठिकाणी, उमेदवाराने जाऊन 'माझ्या प्रवेशपत्रावर हे असे का आले' असे विचारावे असा एकही जबाबदार माणूस नेमलेला नसतो.

खासगी नोकऱ्यांच्या क्षेत्रात हीच वृत्ती अधिक उघडपणे दिसते. पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यात काम शोधण्यास गेलेल्या खेड्यातील मुलाला नोंदणीचे, गणवेशाचे, प्रशिक्षणाचे म्हणून पैसे मागितले जातात; मूळ कागदपत्रे ठेवून घेतली जातात. राज्य शासनाने ६ सप्टेंबर २०२३ रोजी नऊ खासगी संस्थांमार्फत कंत्राटी मनुष्यबळ घेण्याचा निर्णय काढला, तेव्हा विद्यार्थ्यांत जो असंतोष उसळला त्यामागे ही पार्श्वभूमी होती. मध्यस्थ आता परीक्षेपुरता न राहता नोकरीभर सोबत राहणार, ही भीती त्यात होती. २० ऑक्टोबरला तो निर्णय मागे घेतल्याची घोषणा झाली. असंतोषाने निर्णय मागे गेला. मध्यस्थाची जबाबदारी ठरविण्याचे काम मात्र तसेच राहिले.

काय करता येईल?

भरतीचा खर्च काम देणाऱ्याने सोसावा, हे तत्त्व जगाने कधीच मान्य केले आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९७ साली केलेल्या खासगी रोजगार संस्थांविषयीच्या १८१ क्रमांकाच्या करारात, अशा संस्थांनी कामगारांकडून प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष शुल्क घेऊ नये, असे म्हटले आहे. भारताने तो करार स्वीकारलेला नाही. तरी परदेशी नोकरीसाठी माणसे पाठविणाऱ्या एजंटांना १९८३च्या कायद्याने नोंदणी सक्तीची केली आहे आणि त्यांच्या सेवाशुल्काला ३०,००० रुपयांची कमाल मर्यादा घातली आहे. आखाती देशात गवंडीकामाला जाणाऱ्याला जे संरक्षण मिळू शकते, ते अंबाजोगाईच्या परीक्षाकेंद्रावर जाणाऱ्याला मिळू नये असे कोणते कारण आहे?

देशातच अनुकरणीय उदाहरणे आहेत. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेचे शुल्क १०० रुपये असून महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि अपंग उमेदवारांना तेही द्यावे लागत नाही. देशातील सर्वोच्च सेवांची निवड शंभर रुपयांत होत असेल, तर तलाठ्यासाठी हजार रुपये का, याचे उत्तर दिले गेले पाहिजे. रेल्वे भरती मंडळांनी २०१८ पासून ५०० रुपये शुल्क ठेवले, परंतु पहिल्या टप्प्याच्या परीक्षेला बसणाऱ्याला त्यातले ४०० रुपये परत करण्याची तरतूद केली. महिला आणि मागासवर्गीयांसाठी २५० रुपयांचे संपूर्ण शुल्क परतीचे ठेवले. अगंभीर उमेदवार गाळावयाचे असतील तर हाच खरा उपाय आहे: जो येतो त्याचे पैसे परत, जो येत नाही त्याचे जप्त. राजस्थानने २०२३ मध्ये एकदाच नोंदणीशुल्क घेऊन पुढील परीक्षांना वेगळे शुल्क न घेण्याची पद्धत अवलंबिली. महाराष्ट्राला यांपैकी कोणतीही वाट मोकळी आहे.

खर्च राज्याच्या तिजोरीवर पडेल, हा आक्षेप गृहीत धरला पाहिजे. परंतु तो खर्च नाहीसा झालेला नाही. तो आज बेकारांच्या खिशातून भरला जात आहे, एवढाच फरक आहे. ज्याच्याकडून वसूल होतो त्याला उत्पन्नच नसल्यामुळे हा एक अत्यंत विषम कर ठरतो. निवड झालेला तलाठी पुढे तीस-पस्तीस वर्षे राज्याची सेवा करतो. त्या काळातील वेतनखर्चाच्या तुलनेत निवडीचे दोन लाख हा राज्याला न पेलणारा भार नव्हे. शिवाय खर्च स्वतःला सोसावा लागला की खाती जाहिराती मोघमपणे काढणार नाहीत, संवर्गागणिक वेगळ्या परीक्षा न घेता त्या एकत्र घेतील आणि संस्थेशी दराबाबत घासाघीस करतील. दुसऱ्याच्या पैशाने खरेदी करणारा काटकसर करीत नाही, हा नियम सरकारलाही लागू आहे.

दुसरी गोष्ट नुकसानभरपाईची. २१ जून २०२४ पासून अमलात आलेल्या केंद्रीय सार्वजनिक परीक्षा कायद्यात दोषी सेवापुरवठादार संस्थेला एक कोटी रुपयांपर्यंत दंड, परीक्षेच्या खर्चाची प्रमाणशीर वसुली आणि चार वर्षांची बंदी अशा तरतुदी आहेत. त्या स्वागतार्ह आहेत. मात्र दंड सरकारजमा होतो. रद्द झालेल्या परीक्षेच्या उमेदवाराला त्यातून एस.टी.चे भाडेही मिळत नाही. म्हणून प्रत्येक परीक्षेच्या करारातच असे कलम असावे की, उमेदवाराच्या दोषाशिवाय परीक्षा ऐनवेळी पुढे गेली किंवा रद्द झाली, तर शुल्क आणि ठरीव प्रवासखर्च त्याच्या खात्यावर ठरावीक मुदतीत जमा होईल, आणि ही रक्कम प्रथम संस्थेच्या अनामत रकमेतून कापली जाईल. जाहिरातीपासून निकालापर्यंतच्या मुदती जाहिरातीतच छापाव्यात. त्या सरकारी विलंबाने टळल्या तर तितका काळ वयोमर्यादा आपोआप वाढावी. आक्षेप खरा ठरला तर त्याचे शुल्क परत मिळावे. गुणांचे गणित मराठीत प्रसिद्ध व्हावे. उमेदवाराच्या पावतीवर त्याच्या शुल्कातील संस्थेचा हिस्सा किती आणि शासनाचा किती, हे छापलेले असावे. आणि प्रत्येक जिल्ह्यात परीक्षाकाळात एक अधिकारी, नावानिशी आणि कार्यालयाच्या पत्त्यानिशी, उमेदवारांची गाऱ्हाणी ऐकण्यास बसलेला असावा.

यांतील एकाही गोष्टीसाठी घटनादुरुस्ती लागत नाही. बहुतेकांसाठी एक शासननिर्णय आणि करारातील चार-पाच कलमे पुरेशी आहेत. अडचण आहे ती दृष्टीची. नोकरी मागणारा तो याचक, आणि याचकाने काय वाटेल ते सोसावे, अशी धारणा भरतीच्या सगळ्या व्यवहारात मुरलेली आहे. वास्तविक योग्य माणूस मिळणे ही नोकरी देणाऱ्याचीही गरज असते. गावाच्या सातबाऱ्याची नोंद चोख ठेवणारा तलाठी, रात्री-अपरात्री दवाखान्यात हजर असणारी परिचारिका, वेळेवर शाळेत जाणारा शिक्षक हे समाजाला हवे असतात. त्यांना शोधण्याचा खर्च समाजाने करावयाचा असतो.

जो तरुण शासनाच्या दारात पहिल्यांदा येतो तो उमेदवार म्हणूनच येतो. तेथे त्याला ज्या रीतीने वागविले जाते, ती रीत तो शिकून ठेवतो, आणि उद्या टेबलाच्या पलीकडे बसला की तीच समोरच्या माणसाला लावतो. लाख रुपये खर्चून आणि चार वर्षे तिष्ठून मिळविलेली खुर्ची ही सेवेची जागा आहे असे त्याला वाटावे, अशी अपेक्षा ठेवणाऱ्यांनी तिचा रस्ता आधी स्वच्छ करून द्यावयास हवा. धर्मापुरीतील आईबापांनी उसाच्या फडात घाम गाळून मुलाला पदवीपर्यंत आणले, ते त्याच्या वाट्याला मुकादमाची उचल येऊ नये म्हणून. ती उचल त्यालाच उलट भरावी लागणार असेल, तर त्या पदवीचे मोल काय राहिले, याचा जबाब राज्यकर्त्यांनी दिला पाहिजे.